त्वचेची पंच बायोप्सी: घामग्रंथीपर्यंत पोहोचली तरच उपयोगाची

पंच या गोल पात्याच्या साधनाने त्वचेचा तुकडा काढून तपासणे, म्हणजेच पंच बायोप्सी, ही आज सहज मिळणारी सेवा आहे. दहा-पंधरा मिनिटांचे काम, एखाद-दुसरा टाका आणि काही दिवसांत रिपोर्ट. या आढाव्यात ती एकाच कसोटीवर तपासली आहे: नमुन्याच्या तळाशी असलेली घामग्रंथी नमुन्यात येते का, टिकते का आणि वाचली जाते का?

मत आधीच सांगतो. पंच बायोप्सी ही उत्तम तपासणी आहे. पंचाची निवड, खोली, बाटली आणि छेद (स्लाइडसाठी कापलेला पातळ काप) या चार ठिकाणी काळजी घेतली, तर रक्ताच्या तपासणीतून न कळणाऱ्या गोष्टी ती दाखवते. मात्र बहुतेक ठिकाणी या साखळीचे शेवटचे टोक सैल असते. रिपोर्टमध्ये बाह्यत्वचेवर पाच ओळी असतात आणि घामग्रंथींवर 'अ‍ॅडनेक्सा: विशेष काही नाही' एवढेच (अ‍ॅडनेक्सा म्हणजे त्वचेतील ग्रंथी आणि केसांची मुळे). ग्रंथी नीट बघून हे लिहिले असेल तर हरकत नाही. पण अनेकदा नमुन्यात ग्रंथी आलेलीच नसते, तरीही तेच वाक्य छापले जाते. हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष आहे.

साधन: कोणता पंच घ्यावा

एकदाच वापरायचे पंच साधारण २ ते ८ मि.मी. व्यासाचे मिळतात. नेहमीच्या घामग्रंथीचे, म्हणजे एक्राइन ग्रंथीचे, वेटोळे अंतस्त्वचा (बाह्यत्वचेखालचा जाड थर) आणि खालची चरबी यांच्या सीमेवर असते. तिथून नलिका सरळ वर येते आणि बाह्यत्वचेतून मळसूत्रासारखी वळत बाहेर उघडते. रोगाच्या बहुतेक खुणा खालच्या वेटोळ्यात असतात, त्यामुळे पंच चरबीपर्यंत गेलाच पाहिजे.

व्यासाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ४ मि.मी. पंचाचे क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौ. मि.मी., ३ मि.मी.चे ७ आणि २ मि.मी.चे जेमतेम ३. एखाद्या जागी चौरस सेंटिमीटरला १०० ग्रंथी धरल्या, तर ४ मि.मी.च्या नमुन्यात डझनभर येतात, ३ मि.मी.मध्ये सात आणि २ मि.मी.मध्ये तीन. त्यातही स्लाइडवर येणारा छेद केवळ ४-५ मायक्रॉन जाडीचा असतो. एका छेदात ४ मि.मी.च्या नमुन्यातली दोन-तीन वेटोळी दिसली तरी समाधान मानावे लागते, आणि २ मि.मी.च्या नमुन्यात एकही न दिसणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून ग्रंथींविषयी प्रश्न असेल तर ४ मि.मी. ही किमान निवड. चेहऱ्यावर व्रण लहान राहावा म्हणून २ मि.मी. वापरायचा मोह होतो. तिथे निदान हुकण्याची किंमत आधी मोजावी.

वरवर खरवडून घेतलेली शेव्ह बायोप्सी या कामाला निरुपयोगी आहे. तिच्यात नलिकेचा वरचा तुकडा येतो, वेटोळे येत नाही. एका प्रसंगी ही चूक फार महागात पडते. मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमा हा घामनलिकेशी नाते असलेला कर्करोग वरच्या थरात सिरिंगोमा या घामनलिकेच्या निरुपद्रवी गाठीसारखा दिसतो. तो खोलवर पसरलेला आहे आणि नसांभोवती शिरला आहे, हे खालच्या भागातच कळते. वरवरच्या नमुन्यावर 'सिरिंगोमा' असा रिपोर्ट मिळतो आणि गाठ वाढत राहते. चेहऱ्यावर, विशेषतः ओठाभोवती, घट्ट आणि अस्पष्ट कडांचा चट्टा असेल तर खोल नमुन्याशिवाय पुढे जाऊच नये.

नमुना घेणे

अ‍ॅड्रिनॅलिनसह लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध टोचल्यावर लगेच पंच लावू नये. रक्तवाहिन्या आकसायला किमान सात ते दहा मिनिटे लागतात. त्वचा तिच्या नैसर्गिक ताणरेषांना काटकोनात ताणून धरावी, म्हणजे पंच काढल्यावर जखम लंबगोल होते आणि टाका सरळ बसतो. पंच त्वचेला काटकोनात धरून एकाच दिशेने फिरवावा. पुढे-मागे फिरवला तर बाह्यत्वचा सुटून येऊ शकते. चरबी लागली की हाताला जाणवणारा विरोध एकदम कमी होतो. ती खूण येण्याआधी थांबले की वेटोळी नमुन्याबाहेर राहतात. पाठीची अंतस्त्वचा शरीरात सर्वांत जाड असते, म्हणून अर्धवट खोलीचे नमुने तिथून जास्त येतात.

नमुना चिमट्याने आवळून उचलणे ही सर्रास दिसणारी चूक. दाबाने पेशींची केंद्रके चिरडून लांबट होतात, आणि ग्रंथीभोवती दाहपेशी होत्या की नुसती चिरडलेली केंद्रके, हे मग सांगता येत नाही. इंजेक्शनच्या सुईने कडेला हलके उचलावे आणि बारीक कात्रीने चरबीतूनच कापावे. कात्री अंतस्त्वचेच्या तळाला लावली तर पंच कितीही खोल गेलेला असो, ग्रंथी जखमेतच राहते. नमुना बाटलीत टाकण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावा. तळाला पिवळी चरबी दिसली पाहिजे. हे पाहायला पाच सेकंद लागतात आणि त्या पाच सेकंदांत पुढची बरीच निराशा टळते.

बाटली: इथे सेवा सर्वांत जास्त घसरते

नेहमीच्या तपासणीसाठी १० टक्के बफर केलेले फॉर्मॅलिन, नमुन्याच्या आकारमानाच्या दहा ते वीस पट. सलाइनमध्ये ठेवलेला किंवा उशिरा फॉर्मॅलिनमध्ये पडलेला नमुना आतून सडू लागतो. स्रावक पेशी सुजतात, तळापासून सुटतात, केंद्रके फिकट पडतात. हे चित्र खऱ्या ग्रंथीमृत्यूसारखेच दिसते. नमुना कधी काढला आणि फॉर्मॅलिनमध्ये कधी गेला हे फॉर्मवर लिहिलेले नसेल, तर पॅथॉलॉजिस्टला फरक सांगायला आधार उरत नाही.

सगळ्या प्रश्नांना एक बाटली पुरत नाही, हे रुग्णाला क्वचितच सांगितले जाते. जंतुसंसर्गाची शंका असेल तर एक तुकडा फॉर्मॅलिनशिवाय, निर्जंतुक डबीत कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, जायला हवा. इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी केलेल्या तपासणीसाठी, मिशेल माध्यम हे खास द्रावण लागते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी थंड ग्लुटराल्डिहाइड आणि मिलिमीटरभराचे तुकडे लागतात. फॅब्री या आनुवंशिक रोगात ग्रंथीच्या पेशींत साठलेले स्निग्ध पदार्थ मेणाच्या प्रक्रियेतील द्रावकांत विरघळतात. त्यामुळे साध्या स्लाइडवर ग्रंथी जवळपास निर्दोष वाटते, आणि थरथरांची सूक्ष्म रचना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीच दिसते. सेरॉइड लिपोफ्युसिनोसिस या मुलांच्या मेंदूरोगांतही घामग्रंथीच्या पेशींतील वक्र किंवा बोटांच्या ठशांसारख्या रचना अशाच सापडतात. बाटली ठरवण्याची वेळ नमुना घेण्यापूर्वीची आहे. फॉर्मॅलिनमध्ये गेलेला तुकडा नंतर कल्चरला लावता येत नाही.

मेणाचा ब्लॉक आणि छेद

प्रयोगशाळेत ४ मि.मी.चा नमुना उभा चिरतात किंवा अखंड बसवतात. लहान नमुना चिरूच नये. मेणात तो कडेवर, म्हणजे बाह्यत्वचा ते चरबी असा पूर्ण उभा छेद मिळेल असा बसायला हवा. तिरका बसला की नलिका आडव्या कापल्या जातात आणि वेटोळे छेदाबाहेर जाते. पहिल्या स्लाइडवर ग्रंथी नसेल तर ब्लॉक आणखी खोल कापून वेगवेगळ्या पातळ्यांवरचे छेद घेणे हा सरळ उपाय. चांगली प्रयोगशाळा हे न सांगता करते. जी करत नाही, तिच्याकडून ते मागून घ्यावे. ब्लॉक तिथेच असतो, रुग्णाला पुन्हा टोचावे लागत नाही.

ग्रंथी काय सांगते

या सेवेची खरी ताकद इथे आहे, आणि इथे आम्ही तिला मनापासून चांगले गुण देतो.

बेशुद्ध रुग्णाच्या दाब पडलेल्या जागी फोड आले की भाजल्यापासून स्वप्रतिरोधी रोगांपर्यंत अनेक शंका येतात. बायोप्सीत बाह्यत्वचेखाली फोड, दाहपेशी अगदी कमी, आणि घामग्रंथीचे वेटोळे मेलेले दिसते: पेशी एकसारख्या गडद गुलाबी, केंद्रके आकसलेली किंवा नाहीशी. हे चित्र कोमा ब्लिस्टरचे. बार्बिट्युरेटसारखी औषधे किंवा कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा यांत ते प्रसिद्ध आहे, पण दुसऱ्या कारणाने आलेल्या बेशुद्धीतही दिसते. फोडाच्या छताचाच तुकडा घेतला तर या निदानाचा पुरावाच हातून जातो. फोड फार ताजा असतानाही ग्रंथीमृत्यू पुरता उमटलेला नसतो.

रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू आहे, ताप आहे आणि अंगावर लाल, दुखरे चट्टे आले. अशा वेळी डॉक्टरांना तातडीने हवे असते ते एकच उत्तर: हा संसर्ग आहे, कर्करोगाच्या पेशी त्वचेत शिरल्या आहेत की औषधाचा परिणाम आहे? वेटोळ्याभोवती आणि आत न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी व ग्रंथीच्या पेशींचा नाश दिसला तर न्यूट्रोफिलिक एक्राइन हायड्राडेनायटिस, म्हणजे घामग्रंथीचा दाह. १९८२ मध्ये वर्णन झालेला हा प्रकार विशेषतः सायटॅराबिन या केमोथेरपीच्या औषधाशी जोडला जातो आणि बहुधा आपोआप बरा होतो. दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. पांढऱ्या पेशी मुळातच खालावलेल्या असतील तर स्लाइडवर न्यूट्रोफिल तुरळक असू शकतात. तेव्हा ग्रंथीपेशींच्या नाशावरच भर द्यावा. आणि जिवाणू किंवा बुरशी यांनीही असे चित्र होऊ शकते, म्हणून जिवाणू व बुरशी दाखवणारे ग्रॅम, पीएएस हे रंग आणि कल्चर यांशिवाय 'औषधाचा परिणाम' असा शिक्का मारू नये.

याच केमोथेरपीत नलिकेच्या पेशी चपट्या, शल्की पेशींसारख्या होतात. याला सिरिंगोस्क्वेमस मेटाप्लेझिया म्हणतात. अनुभव कमी असेल तर हे आत घुसणाऱ्या शल्की कर्करोगासारखे वाटते. जुन्या व्रणाच्या कडेलाही हेच घडते. अशा पेशींची बेटे नलिकांच्या मूळ मांडणीत आहेत का आणि मधोमध पोकळी टिकली आहे का, हे पाहिले की बहुतेक वेळा गुंता सुटतो. ग्रंथीवर लक्ष नसलेल्या रिपोर्टमुळे अनावश्यक मोठी शस्त्रक्रिया होऊ शकते, हा धोका खरा आहे.

मॉर्फियात, म्हणजे त्वचा टणक होण्याच्या रोगात, ग्रंथीपेक्षा तिच्याभोवतीचा परिसर बोलतो. निरोगी त्वचेत वेटोळ्याला चरबीची गादी असते. मॉर्फियात ती जाऊन कोलॅजन भरते आणि ग्रंथी अंतस्त्वचेच्या मधोमध चिणल्यासारखी दिसते. नमुन्याचा बाह्य आकारही मदत करतो: निरोगी नमुना खाली निमुळता होतो, टणक त्वचेचा मात्र वर-खाली सारख्या रुंदीचा, जवळपास चौकोनी राहतो. स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी नुसती उजेडात धरली तरी हे कळते.

वेटोळ्याभोवती लिम्फोसाइट (आणखी एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींचा गराडा ही खूण मौल्यवान, पण तिच्यावर एकट्याने निदान ठरत नाही. ल्युपस हा स्वप्रतिरोधी रोग, थंडीने बोटांवर येणारे चिलब्लेन, रेषेत पुरळ येणारा लायकेन स्ट्रायेटस, मॉर्फिया आणि कुष्ठरोग या सगळ्यांत ती येते. बाकीचे तपशील सोबत वाचावे लागतात. बाह्यत्वचेच्या तळपेशींचा नाश आणि म्युसिन हा बुळबुळीत पदार्थ असेल तर ल्युपसकडे कल. अंतस्त्वचेच्या वरच्या भागात सूज आणि ग्रंथीभोवती ठळक गराडा असेल तर साध्या चिलब्लेनकडे. क्षयसदृश कुष्ठरोगात ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहपेशींचे पुंजके, नसांच्या मार्गाने लांबट पसरतात, आणि नसांच्या शेजारच्या घामग्रंथी त्यात गिळल्या जातात. चट्ट्यावर घाम न येण्याचे एक कारण हेच. तिथे कुष्ठरोगाचे जंतू दाखवणारा फाइट-फॅराको रंग हवा. पण या प्रकारात जंतू इतके कमी असतात की रंग निगेटिव्ह आला म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. नस नष्ट झालेली दिसते का, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

काही खुणा लहान पण निर्णायक असतात. चांदीयुक्त औषधे दीर्घकाळ घेतल्याने त्वचा निळसर राखाडी होते. अर्जिरिया या अवस्थेत चांदीचे बारीक काळपट कण घामग्रंथीच्या बेसमेंट मेंब्रेनवर, म्हणजे पेशींखालच्या पातळ पडद्यावर, बसतात. साध्या रंगाच्या स्लाइडवर ते सहज निसटतात, पण त्याच स्लाइडवर डार्क-फील्ड (काळ्या पार्श्वभूमीवर पाहण्याची सूक्ष्मदर्शकाची सोय) लावले की चमकून उठतात. ना नवा रंग लागतो, ना वेगळा नमुना. ग्रंथी वाचण्याचे इतके मोठे फळ इतक्या कमी श्रमात क्वचितच मिळते. ऊतकांत साठणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनासाठी काँगो रेड हा रंग लागतो, छेद नेहमीपेक्षा जाड, ८-१० मायक्रॉनचा घ्यावा लागतो आणि ध्रुवित प्रकाशात सफरचंदी हिरवी छटा शोधावी लागते. नेहमीच्या जाडीच्या छेदावर थोडे अमायलॉइड हुकते.

लाफोरा रोगाबद्दल जरा थांबून सांगायला हवे. १९११ मध्ये गोंझालो लाफोरा यांनी वर्णिलेल्या पेशीतील गोळ्यांवरून या तीव्र अपस्माराला नाव मिळाले. हे गोळे घामग्रंथीच्या नलिकेच्या पेशींत सापडतात, म्हणून मेंदूला हात न लावता काखेच्या त्वचेतून निदान शक्य झाले. पीएएस रंगाने ते गडद गुलाबी दिसतात आणि ग्लायकोजेन (साठवणीची साखर) विरघळवणारे डायास्टेज हे विकर वापरल्यावरही टिकतात. डायास्टेजशिवाय केलेला पीएएस इथे फसवतो, कारण निरोगी एक्राइन पेशींतही ग्लायकोजेन असते आणि तेही रंगते. दुसरा सापळा काखेतच आहे. तिथल्या अ‍ॅपोक्राइन (केसांशी जोडलेल्या, वेगळ्या प्रकारच्या) ग्रंथींच्या पोकळीकडच्या भागात पीएएसने रंगणारे कण निरोगी माणसातही असतात. ते लाफोराचे समजले जाऊन चुकीचे निदान होऊ शकते. फक्त एक्राइन ग्रंथी असलेली जागा, जसे हाताची त्वचा, निवडली की हा घोळ टळतो. आज ईपीएम२ए आणि एनएचएलआरसी१ या जनुकांची तपासणी उपलब्ध असेल तिथे तीच आधी करावी. बायोप्सी तिच्या उत्तराला आधार देण्यासाठी ठेवावी.

नसांसाठीची खास बायोप्सी

ही वेगळी सेवा आहे आणि नेहमीच्या प्रयोगशाळेकडून तिची अपेक्षा करू नये. बारीक नसांच्या न्यूरोपथीसाठी घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून १० सें.मी. वर ३ मि.मी.चा पंच घेतात. छेद तब्बल ५० मायक्रॉनचे, आणि नसा त्यांतील पीजीपी ९.५ या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडाने उठवून दाखवतात. बाह्यत्वचेतले नसतंतू मोजण्याची पद्धत पक्की बसलेली आहे, तिच्यासाठी वय आणि लिंगानुसार प्रमाणे आहेत. घामग्रंथीभोवतीच्या नसांची मोजणी घाम नियंत्रित करणाऱ्या स्वायत्त नसांविषयी जास्त सांगते, पण प्रत्येक प्रयोगशाळेची मोजण्याची रीत थोडी वेगळी असते. दोन वेगळ्या ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून 'सुधारले' किंवा 'बिघडले' म्हणू नये. इथे साधे फॉर्मॅलिन चालत नाही. झांबोनी किंवा पीएलपी हे द्रावण आधी मागवून ठेवावे लागते.

पार्किन्सन आणि संबंधित रोगांसाठी याच नसांत फॉस्फोरिलेटेड अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन शोधतात. एकाऐवजी मानेमागे, मांडीवर आणि पायावर असे नमुने घेतल्याने सापडण्याची शक्यता वाढते. निकाल पॉझिटिव्ह आला तरी हा पार्किन्सन, लेवी बॉडी डिमेन्शिया की मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी, हे तेवढ्यावरून ठरत नाही. न्यूरॉलॉजिस्टच्या तपासणीची जागा ती घेत नाही.

रिपोर्ट कसा असावा

चांगल्या रिपोर्टमध्ये नमुन्याची खोली लिहिलेली असते: चरबी आली की नाही. एक्राइन वेटोळी दिसली की नाही, हे स्पष्ट असते. दिसली असतील तर पेशी, पोकळी, बेसमेंट मेंब्रेन, भोवतालची चरबी आणि दाह यांवर एक-दोन ओळी असतात. दिसली नसतील तर 'ग्रंथींचे मूल्यमापन शक्य नाही' असे नमूद असते. 'ग्रंथी नाहीत' आणि 'ग्रंथी नमुन्यात आल्या नाहीत' या वाक्यांत मोठे अंतर आहे. हायपोहायड्रोटिक एक्टोडर्मल डिस्प्लेझियासारख्या जन्मजात रोगात ग्रंथी खरोखरच नसतात किंवा फार कमी असतात. तिथे तळहात किंवा डोक्याच्या त्वचेतून, खात्रीने पुरेशा खोलीचा नमुना घेऊन मगच तसे लिहिता येते.

दोष एकट्या पॅथॉलॉजिस्टचा नसतो, हेही न्यायाने सांगायला हवे. फॉर्मवर नुसते 'रॅश' लिहून पाठवले तर कोणते रंग लावावेत, किती खोल छेद घ्यावेत, हे त्यांनी कशावरून ठरवावे? वय, जागा, चट्टा किती दिवसांचा, कोणती औषधे चालू आहेत आणि शेवटचा डोस कधी झाला, त्या जागी घाम येतो का, स्पर्श कळतो का, आणि संशय कशाचा, एवढे लिहायला तीन ओळी पुरतात.

कुणी करून घ्यावी? घाम कमी झालेला चट्टा, केमोथेरपीतले अकारण चट्टे, बेशुद्धीनंतरचे फोड, टणक होत जाणारी त्वचा, निळसर काळवंडलेला रंग: इथे निःसंकोच. सरसकट सगळ्या खाजेला किंवा साध्या घामोळ्यांना नको. ती डोळ्यांनी ओळखता येतात. रक्त पातळ करणारी औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत, बहुतेक वेळा दाब आणि टाका यांनी भागते. पायावरची जखम भरायला चेहऱ्यापेक्षा जास्त दिवस लागतात आणि मधुमेहात तिथे संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून नडगीवरचा नमुना गरज असेल तरच.

आणि रिपोर्ट 'विशेष काही नाही' असा आला, पण लक्षणे तशीच राहिली, तर दुसऱ्यांदा सुई टोचून घेण्याआधी प्रयोगशाळेला तीन गोष्टी विचाराव्यात: नमुन्यात चरबी होती का, किती वेटोळी दिसली, आणि ब्लॉकमध्ये आणखी खोल छेदांपुरते ऊतक शिल्लक आहे का. शिल्लक असेल तर खोल छेद आणि लागतील ते विशेष रंग लेखी मागणीने करून घ्यावेत. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत हवे असेल तर स्लाइडबरोबर ब्लॉकही पाठवावा, कारण नुसत्या स्लाइडवर नवे रंग लावायला वाव फारसा उरत नाही.